डॅशकॅमचा बॅटरी पॅक गाडीत कुठे बसवायचा?

गाडी बंद असतानाही डॅशकॅम, म्हणजे काचेवर बसवून रस्ता टिपणारा कॅमेरा, चालू राहावा म्हणून वेगळा बॅटरी पॅक घेताना बहुतेक ग्राहक आधी विचारतात, किती तास चालेल? आमचा आग्रह असा, की त्याआधी जागा ठरवा. एकच पॅक एका जागी वर्षानुवर्षं नीट चालतो आणि दुसऱ्या जागी ऐन मे महिन्यात चार्जच होत नाही.

हे पॅक बहुधा लिथियम आयर्न फॉस्फेट प्रकारचे असतात. त्यांना चार्ज होताना ० ते ४५ अंश सेल्सिअस तापमान लागतं. वीज देताना मात्र ते साधारण ६० अंशांपर्यंत तग धरतात. आतलं सर्किट सेलचं तापमान मोजत असतं आणि मर्यादा ओलांडली की चार्जिंग रोखतं. पॅक बिघडला असं ग्राहकाला वाटतं, पण तो स्वतःला वाचवत असतो. उन्हात काचा बंद करून उभ्या केलेल्या गाडीचा डॅशबोर्ड ७० अंशांच्या आसपास जातो. नागपूर, अकोला, चंद्रपूरकडे मे महिन्यात बाहेरची हवाच ४५ अंशांपर्यंत तापते. तिथे गाडी सुरू केल्याबरोबर चार्जिंग सुरू होत नाही, आधी पॅक निवावा लागतो. म्हणून जागा हवी ती उन्हाआडची आणि एसीची हवा लवकर पोचेल अशी.

आमची पहिली पसंती: ड्रायव्हरशेजारच्या सीटखाली

इथे ऊन पडत नाही, एसीचा गारवा लवकर उतरतो, फ्यूज बॉक्स फार लांब नसतो आणि पॅकवरचे दिवे वाकून बघता येतात. ड्रायव्हरच्या सीटखाली मात्र आम्ही बसवत नाही. सुटलेली वायर किंवा खुद्द पॅक ब्रेकच्या पेडलखाली घरंगळला तर काय होईल, हे सांगायला नको.

जागा पुरते का, हे घरी तपासता येतं. संत्र्याएवढा कणकेचा गोळा प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून सीटखाली ठेवा. सीट वर-खाली होत असेल तर सर्वांत खाली घ्या आणि घरातल्या सर्वांत वजनदार माणसाला बसवा. मग सीट पूर्ण पुढे, पूर्ण मागे सरकवा. माणूस बसला की सीटखालच्या स्प्रिंगा खाली येतात, ते रिकाम्या सीटकडे बघून कळत नाही. चेपलेल्या गोळ्याची जाडी मोजा. पॅकच्या उंचीपेक्षा ती किमान अडीच सेंटिमीटर जास्त हवी, कारण पॅक आम्ही थोडा उचलून बसवतो आणि वर हवा खेळायलाही फट लागते.

सीटखाली पिवळ्या आवरणाच्या वायरी दिसतील. त्या एअरबॅगच्या आणि सीटबेल्टच्या यंत्रणेच्या असतात. त्यांना हात लावू नका, त्यांच्या आधाराने दुसरी वायर बांधू नका. त्यांचा जोड इग्निशन चालू असताना सुटला तर मीटरवर एअरबॅगचा दिवा लागतो आणि तो सहसा स्कॅनर (गाडीतल्या बिघाडाच्या नोंदी वाचणारं यंत्र) लावल्याशिवाय जात नाही. काही गाड्यांत मागच्या प्रवाशांच्या पायांकडे हवा नेणारी नळी याच सीटखाली उघडते. तिच्या तोंडासमोर पॅक ठेवला तर हिवाळ्यात हीटरची गरम हवा थेट त्यावर येते. हवेशीर सीट असेल तर खाली पंखा असतो, तिथे जागा उरत नाही. ईको आणि जुन्या ओम्नीत तर इंजिनच पुढच्या सीटखाली आहे, त्यामुळे या गाड्यांत ही जागा बादच.

पाण्याचं काय?

पावसाळ्यात ओले बूट, छत्र्या यांचं पाणी कार्पेटखालच्या फोममध्ये मुरतं आणि आठवडाभर वाळत नाही. एसीचा ड्रेन पाइप तुंबला की पाणी गाडीखाली न पडता बहुधा डावीकडच्या पायांशी उतरतं, म्हणजे नेमकं आपल्या पॅकच्या बाजूला. कार्पेटखाली रात्री वर्तमानपत्राची घडी सरकवा आणि सकाळी काढून बघा. ओली निघाली तर आधी गळती बंद करा, तोवर आम्ही पॅक बसवत नाही. फरशी कोरडी असली तरी पॅकखाली एक सेंटिमीटर जाडीची प्लॅस्टिकची पट्टी घालतो. लाकूड वापरत नाही, ते ओल धरतं. गाडीत पुराचं पाणी शिरून पॅक भिजला असेल तर तो वाळवून परत वापरू नका.

डिकी, ग्लोव्ह बॉक्स आणि इतर जागा

सेडानच्या डिकीत ऊन येत नाही, पण एसीही येत नाही. दुपारी तापलेला पॅक तासभर गाडी चालवूनही गरमच राहू शकतो. शिवाय त्यावर बॅगा आणि घोंगड्या पडतात. डिकीच घ्यायची असेल तर बाजूच्या कप्प्यात घ्या. स्टेपनीच्या खड्ड्यात नको, मागच्या दाराचं रबर गळलं की पाणी तिथेच साठतं. सीएनजी गाडीत सिलिंडर आणि त्याच्या व्हॉल्व्हजवळ आम्ही काहीही बसवत नाही, ग्राहकाने कितीही गळ घातली तरी.

ग्लोव्ह बॉक्स सोयीचा वाटतो, पण तो तापलेल्या डॅशबोर्डच्या पोटातच असतो आणि बंद असतो. चार्ज होताना पॅक स्वतःही गरम होतो, ती उष्णता बाहेर जायला वाट नसते. दुसरीकडे कुठेच जागा नसेल तरच. डॅशबोर्डवर, मागच्या काचेखालच्या ट्रेवर आणि बॉनेटखाली कधीच नाही. हायब्रिड गाडीत मागच्या सीटशेजारची हवेची जाळी झाकू नका, मोठ्या बॅटरीला गारवा तिथूनच मिळतो.

जागा ठरली की वायर ठरते

९६ वॉट-तासांचा पॅक फ्यूज बॉक्सवरून ९ अँपिअरने सुमारे ५० मिनिटांत भरतो. सिगारेट सॉकेटवरून ५ अँपिअरने घेतला तर दीड तास लागतो. पुढे-मागे दोन कॅमेरे पार्किंग मोडमध्ये साधारण ५ वॉट घेतात, म्हणजे भरलेला पॅक १५ ते १८ तास पुरतो. तुमचा रोजचा प्रवास २५ मिनिटांचा असेल तर फ्यूज बॉक्सवरून अर्धा पॅक भरेल, सॉकेटवरून जेमतेम पाव. कमी अंतर चालवणाऱ्यांनी सॉकेटच्या भरवशावर राहू नये.

सीटखाली साधारण ३ मीटर वायर लागते, डिकीपर्यंत ५. तांब्याची २.५ चौरस मिलिमीटरची वायर घेतली तर ९ अँपिअरला ३ मीटरवर जाऊन-येऊन सुमारे ०.४ व्होल्ट गळतो, ५ मीटरवर ०.६. अल्टरनेटर (इंजिनवर फिरून वीज तयार करणारा भाग) चालत्या गाडीत व्होल्टेज कमी करतो अशा गाड्यांत एवढ्यानेही चार्जिंग अधूनमधून तुटतं. डिकीबद्दल आम्ही नाखूश असतो त्याचं हे आणखी एक कारण.

वायर तोडायची नाही, फ्यूज टॅप (फ्यूजच्या जागी बसून वेगळी वायर काढून देणारा जोड) लावायचा आणि तोही किल्ली काढल्यावर बंद होणाऱ्या फ्यूजवर. कायम चालू असणाऱ्या फ्यूजवर जोडलं तर पॅक गाडीची बॅटरी उपसत राहतो. काही फ्यूज गाडी बंद करून लॉक केल्यावरही दहा-पंधरा मिनिटं जिवंत असतात, म्हणून मल्टिमीटरने लगेच आणि वीस मिनिटांनी असं दोनदा मोजा. सॉकेटचाच फ्यूज वापरला असेल तर पॅक चार्ज होताना टायरचा पंप लावू नका. पंपाचे १० आणि पॅकचे ९ मिळून १९ अँपिअरचा भार एकाच जोडावर येतो. अर्थिंग बॉडीच्या कारखान्यातून आलेल्या बोल्टवर घ्यावं, रंगावर नाही.

वायर दाराच्या उंबरठ्याच्या पट्टीखालून न्यावी, सीट ज्यावर सरकते त्या रेलवरून नव्हे. रोज सीट सरकते आणि दोन-चार महिन्यांत आवरण सोलून निघतं. उंदरांचा त्रास असेल तर वायरीवर कोरुगेटेड (पन्हळी) नळी घालून घ्या. पॅकचं तोंड मागच्या प्रवाशाच्या पायांकडे नको, बुटाच्या टोकाने प्लग सुटतो.

पॅक एक-सव्वा किलोचा असतो, जोरात ब्रेक लागला तर दगडासारखा पुढे येतो. नुसत्या चिकट वेल्क्रोवर विसंबू नका, उन्हाळ्यात त्याचा गोंद सैल पडतो. आम्ही वेल्क्रोबरोबर सीटच्या स्थिर चौकटीला दोन पट्टेही आवळतो.

फिटिंगला येताना सीटखालचं सामान काढून आणा आणि गाडीत आधी लावलेले जीपीएस किंवा अँप्लिफायर असतील तर सांगा, ते कोणत्या फ्यूजवर आहेत हे आम्हाला आधी शोधावं लागतं.