टेपला न दिसणारी ताकद

जिम सुरू करून तीन आठवडे झाले की बरेच जण दंडाला टेप लावतात. आकडा तोच. मग ठरतं, ‘प्रोटीन पावडर घ्यावी लागणार.’ पण पहिल्या दिवशी सहा किलोचं डंबेल उचलताना लटलटणारा हात आता तेच डंबेल मुकाट वर नेतो, त्याचं काय? दंड तेवढाच असताना ही ताकद आली कुठून?

मुख्यतः मज्जासंस्थेतून. मेरुरज्जूतली एकेक चेतापेशी आणि तिच्या हुकमातले स्नायुतंतू मिळून एक मोटर युनिट होतं. डोळा फिरवणाऱ्या स्नायूत एका चेतापेशीकडे मोजकेच तंतू असतात, पोटरीत हजाराच्या घरात. कामाला आधी लहान युनिट्स लागतात, मोठी शेवटी. हा क्रम शरीरक्रियाशास्त्रज्ञ एलवुड हेनेमन यांनी दाखवला. कारण शाळेतल्या ओहमच्या नियमातच आहे. लहान चेतापेशीचा विद्युतरोध जास्त, म्हणून तेवढ्याच प्रवाहात तिचं व्होल्टेज जास्त बदलतं आणि ती आधी पेटते, म्हणजे स्नायूला संदेश सोडते. पेन उचलताना मोठी युनिट्स झोपलेलीच असतात. जड वजन, किंवा हलकं वजन अगदी दमेपर्यंत उचललं, तरच ती उठतात.

नवख्याला ही युनिट्स पुरती वापरता येत नाहीत. शिवाय बायसेप्स ओढत असताना मागचा ट्रायसेप्स उगाच विरोध करत असतो. सरावानं संदेश भराभर सुटू लागतात, विरोध सैलावतो.

पटत नसेल तर १८९४ सालचा येल विद्यापीठातला प्रयोग पाहा. मानसशास्त्रज्ञ एडवर्ड स्क्रिप्चर यांनी एकाच हाताला सराव करायला लावला. ताकद दुसऱ्या हाताचीही वाढली! त्या हातानं तर काहीच उचललं नव्हतं.

स्नायू जाड होतात, पण सावकाश. तंतूंमध्ये नवी प्रथिनं रचली जातात, ती टेपला कळायला दोनेक महिने सहज जातात. त्यासाठी वजन हळूहळू वाढवत न्यायचं, झोप पुरेशी घ्यायची आणि शरीराच्या दर किलोमागे दिवसाला साधारण १.६ ग्रॅम प्रथिनं खायची. साठ किलोच्या माणसाला शंभरेक ग्रॅम. ती रोजच्या जेवणातून मिळत असतील तर पावडरीचा डबा वेगळी जादू करत नाही. डब्यावरचा पैलवान काही नुसत्या पावडरीवर घडलेला नसतो.

तोवर टेपऐवजी एक वही ठेवावी. तारीख, वजन, किती वेळा उचललं.