मावशीची कॅप्सूल आणि हावरट थायरॉइड

मावशीला किरणोत्सारी आयोडीनचा डोस दिला तेव्हा मी बाहेर बाकड्यावर बसलो होतो. आत काय झालं ते तिने नंतर सांगितलं, की शिशाचं जाड भांडं आणलं, चिमट्याने त्यातून एक साधीशी कॅप्सूल काढली, पाण्याबरोबर गिळा म्हणाले आणि देणारा माणूस लगेच चार पावलं मागे! "त्याला जवळ उभं राहवत नाही आणि मी गिळायची?"

प्रश्न रास्त आहे, पण तो माणूस वर्षभर रोज डोस देतो आणि मावशीला बहुतेक एकदाच घ्यायचा असतो.

तिचा त्रास म्हणजे जेवण दुप्पट तरी वजन उतरतंय, छातीत धडधड, हात थरथरतायत, डिसेंबरातही पंखा फुल. ग्रेव्हज डिसीज, म्हणजे शरीरातल्याच अँटिबॉडी गळ्यातल्या थायरॉइड ग्रंथीचा अ‍ॅक्सिलरेटर दाबून धरतात. गोळ्या घेतल्या की बरं, बंद केल्या की परत तेच.

आता गंमत अशी की थायरॉइडला हार्मोन बनवायला आयोडीन लागतं, रक्तातून ते ओढून साठवण्यात ती एकदम हावरट, आणि साधं आयोडीन कुठलं नि किरणोत्सारी कुठलं हे तिला कळतच नाही. आयोडीन-१३१ आत गेलं की त्यातून बीटा कण सुटतात, ते जेमतेम दोनेक मिलीमीटर जातात, त्यामुळे मार बसतो तो मुख्यतः तिलाच. नेम धरायलाच नको. गॅमा किरण मात्र शरीराबाहेर येतात, म्हणून ती चार पावलं.

ही कल्पना बोस्टनच्या डॉ. सॉल हर्ट्झ यांची. 1936 मध्ये एका भाषणानंतर त्यांनी अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाचे अध्यक्ष कार्ल कॉम्प्टन यांना विचारलं, आयोडीन कृत्रिमरीत्या किरणोत्सारी करता येईल का? मग आर्थर रॉबर्ट्स या भौतिकशास्त्रज्ञाबरोबर सशांवर प्रयोग, तेही आयोडीन-१२८ वापरून, जे 25 मिनिटांत निम्मं होतं, म्हणजे केवढी पळापळ झाली असेल बघा. 1941 मध्ये पहिल्या पेशंटला डोस दिला.

आयोडीन-१३१ 8 दिवसांत निम्मं होतं, 16 दिवसांत पाव, त्यामुळे साठा करून ठेवता येत नाही. आपल्याकडे ते ट्रॉम्बेच्या ध्रुव अणुभट्टीत टेल्युरियमवर न्यूट्रॉनचा मारा करून बनवतात.

डोसच्या आधी आयोडीनवाली औषधं वगैरे टाळायला सांगतात, कारण पोट भरलेल्या ग्रंथीला डोस नकोसा होतो. गरोदर बाईला मात्र हे अजिबात देत नाहीत, बाळाची थायरॉइडही साधारण तिसऱ्या महिन्यापासून आयोडीन ओढायला लागते.

घरी आल्यावर काही दिवस वेगळी खोली, भरपूर पाणी, फ्लश दोनदा कारण उरलेलं बरंचसं लघवीतून जातं. नातू दाराशी उभा राहून रडायचा, तेवढं सोडलं तर बाकी काही झालं नाही.

फरक लगेच पडत नाही, काही आठवडे ते काही महिने लागतात, आणि बऱ्याच जणांची थायरॉइड नंतर इतकी थंडावते की उलटा प्रॉब्लेम सुरू होतो. हे डोसच्या आधीच नीट सांगायला हवं, आम्हाला घाईघाईत एका वाक्यात सांगितलं होतं. मावशीचा टीएसएच, म्हणजे थायरॉइड मंदावली की रक्तात वाढणारं हार्मोन, चौथ्या महिन्यात वर गेला. आता रोज सकाळी उपाशीपोटी थायरॉक्सिनची, म्हणजे थायरॉइडच्याच हार्मोनची गोळी आणि मग अर्धा तास चहा नाही, त्या अर्ध्या तासात तिच्याशी कुणी बोलत नाही.