जैसलमेर, दोघांसाठी : पाच रात्रींच्या निवांत सहलीची माहिती

आमचे बरेचसे ग्राहक रत्नागिरी-सिंधुदुर्गातले बागायतदार आहेत. काहींनी समुद्रकाठच्या घरात पर्यटकांची सोय केली आहे, काहींचं बाजारपेठेत दुकान आहे. त्यांच्याकडे वर्षभर पाहुण्यांचा राबता असतो, पण स्वतः पाहुणे म्हणून कुठे जाणं होत नाही. झालंच तर लग्नकार्याला मुंबईला, नाहीतर सगळं घर बरोबर घेऊन देवदर्शनाला. नवरा-बायकोनं दोघांनीच चार दिवस बाहेर पडायचं, कुणाच्या चहापाण्याचं बघायचं नाही, हे वर्षानुवर्षं राहून जातं. ही सहल आम्ही त्यांच्यासाठी आखली आहे.

आठ दिवसांत अख्खं राजस्थान दाखवणारी सहल आम्ही घेत नाही. रोज सकाळी बॅग भरायची, दिवसभर गाडीत बसायचं आणि रात्री नव्या खोलीत दिव्याची बटणं शोधायची, यात विश्रांती कुठेच नसते. म्हणून आम्ही एकच गाव निवडलं आणि तिथेच पाच रात्री ठेवल्या : चार जैसलमेर शहरात, एक वाळवंटात. जैसलमेर लहान आहे, जुना भाग पायी फिरता येतो. शिवाय हिरवा डोंगर आणि निळं पाणी बघत वाढलेल्या माणसाला पिवळा दगड आणि मोकळं आभाळ यांच्याइतका वेगळा देखावा देशात दुसरीकडे क्वचितच मिळेल. रत्नागिरीत वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. जैसलमेरला २०० मिलिमीटर पडला तरी लोक समाधानी असतात.

कधी निघावं

ऑक्टोबरअखेर ते फेब्रुवारी हा तिथला चांगला काळ. पण आपल्याकडची कामं बघून आम्ही सांगू, की तुळशीचं लग्न लागलं की निघा. भात घरात आलेलं असतं, आंब्याच्या मोहोरावरच्या फवारण्या अजून अंगावर आलेल्या नसतात आणि नाताळची गर्दीही सुरू झालेली नसते. तेव्हा तिथे दिवसा ऊन सुखाचं आणि रात्री गारवा असतो. डिसेंबरअखेर ते जानेवारी रात्रीचा पारा १० अंशांच्या खाली उतरतो आणि वाळवंटात तो अधिकच बोचतो. माघ पौर्णिमेच्या सुमारास तिथे मरू महोत्सव भरतो. उंटांच्या शर्यती, लोकसंगीत, रंगीत मिरवणुका असं सगळं असतं, पण हॉटेलांचे दर चढतात आणि गावात पाय ठेवायला जागा नसते. निवांतपणा हवा असेल तर ते दिवस टाळा.

जाणं-येणं

आदल्या दिवशी मांडवी किंवा कोकणकन्या एक्स्प्रेसनं मुंबई गाठायची. मुंबईत नातेवाईक नाही असं घर आपल्याकडे विरळाच, त्यामुळे एक मुक्काम तिथे सहज होतो. नसेल तर आम्ही दादरजवळ खोली बघून देतो. दुसऱ्या दिवशी दुपारी वांद्रे टर्मिनसहून सूर्यनगरी एक्स्प्रेस निघते आणि सकाळी जोधपूरला पोचवते. वांद्रे टर्मिनस आणि लोकलचं वांद्रे स्थानक वेगवेगळी आहेत, दोन्हींमध्ये बॅगा घेऊन चालणं त्रासाचं आहे. दादरहून थेट टॅक्सीच करा. जोधपूरपासून आमची ठरलेली गाडी असते. साधारण पाच तासांचा सरळ, रिकामा रस्ता. मध्ये पोखरण लागतं. १९७४ आणि १९९८ च्या अणुचाचण्या याच तालुक्यातल्या वाळूत झाल्या. तिथे चहाला थांबायचं.

विमानानं जायचं असल्यास मुंबई-जोधपूर सोयीचं पडतं. थेट जैसलमेरची विमानं मुख्यतः हिवाळ्यात असतात. तुमच्या तारखांना आहेत का, ते बुकिंगच्या वेळी बघू.

किल्ल्यात खोली का देत नाही

हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक जण विचारतो, म्हणून सविस्तर सांगतो. रावळ जैसल यानं ११५६ मध्ये वसवलेला हा किल्ला आजही नांदता आहे. आत हजारो माणसं राहतात, शाळेची मुलं दरवाजातून धावत बाहेर पडतात, ओट्यावर बायका भाजी निवडतात. २०१३ मध्ये राजस्थानच्या इतर डोंगरी किल्ल्यांबरोबर त्याला युनेस्कोच्या जागतिक वारशात स्थान मिळालं. ज्या त्रिकूट टेकडीवर तो उभा आहे तिचा दगड मऊ आणि मातकट आहे. किल्ला बांधला तेव्हा माणशी घागरभर पाणी लागत होतं. पुढे नळ आले, हॉटेलं आली, शॉवर आले. गटारांतून पाणी पायात मुरू लागलं आणि टेकडी भुसभुशीत होत गेली. काही बुरूज कोसळलेही आहेत. जुन्या घरांची छपरं धाब्याची, लाकडी तुळयांवर मातीचा जाड थर देऊन केलेली. त्यांनाही पाणी सोसत नाही.

आत राहण्याची हौस आम्ही समजू शकतो. पण आपण तिथे केलेली प्रत्येक आंघोळ त्या भिंतीच्या पायात जाते, हे कळल्यावर आम्ही किल्ल्यातली बुकिंगं घेणं थांबवलं. आमची हॉटेलं किल्ल्याच्या पायथ्याशी, चालत दहा-पंधरा मिनिटांवर आहेत. लहान आहेत, मालक स्वतः तिथेच राहतात, आणि प्रत्येकाला गच्ची आहे. संध्याकाळी त्या गच्चीवरून समोरचा किल्ला मधाच्या रंगाचा होताना दिसतो, आणि तो किल्ल्याच्या आतून कधीच दिसत नाही.

दिवस कसे जातात

सूर्य तिथे उशिरा उगवतो, डिसेंबरात सव्वासातच्या सुमारास. त्यामुळे पहाटे उठवणारा आमचा कुणीही माणूस नाही. आमच्या वाटाड्याबरोबर फक्त पहिली सकाळ असते. किल्ल्यातली जैन मंदिरं सकाळच्या वेळातच बघून घ्यायची. आत चामड्याची वस्तू चालत नाही, पट्टा-पाकीट खोलीवर ठेवूनच निघा. त्यानंतर तुमचं तुम्ही.

गावातल्या हवेल्यांना घाई करू नका. पटव्यांची हवेली मोठी आणि प्रसिद्ध. एकोणिसाव्या शतकातल्या व्यापारी कुटुंबाची, एकाला एक लागून पाच घरं. आमची आवडती मात्र नथमलची. तिचं दर्शनी काम हाथी आणि लालू या दोन भावांनी केलं, एकानं उजवी बाजू, दुसऱ्यानं डावी. लांबून दोन्ही सारख्या दिसतात. जवळ जाऊन एकेक खिडकी, एकेक कमान जुळवत गेलं की फरक सापडू लागतात : इकडचा फुलवेल तिकडे वेगळा वळलेला, इकडची जाळी तिकडे बारीक. दोघांनी दोन बाजू वाटून घ्या आणि बघत उभे राहा, अर्धा तास कसा गेला कळत नाही. जांभ्याच्या चिऱ्याचं घर बांधून घेतलेल्या माणसाला दगडाची ही कोरीव जाळी बघून हात लावल्यावाचून राहवत नाही. आपला चिरा भोकाभोकांचा, त्यावर नक्षी उठत नाही. हा दगड बारीक कणांचा आणि मऊ, म्हणून सुताराच्या लाकडासारखा कोरला गेला.

गडीसर तलावावर दुपार कलल्यावर जा. चौदाव्या शतकापासून गावाची तहान या पावसाच्या साठ्यावर भागत होती. इंदिरा गांधी कालव्याचं पाणी आलं ते अलीकडच्या काळात. काठावर घाट आहेत, छत्र्या (खांबांवरच्या दगडी घुमट्या) आहेत, थंडीत पाहुणे पक्षी येतात. होडी मिळते, पण समुद्रकाठच्या माणसाला तिचं काय अप्रूप! पायऱ्यांवर बसण्यातच मजा आहे.

एक दुपार कुलधरा गावाची. पालीवाल ब्राह्मणांनी सोडून दिलेलं हे गाव शहरापासून १८ किलोमीटरवर आहे. तिथे भुतांच्या गोष्टी भरपूर ऐकवतात. तुम्ही त्याऐवजी खडीन बघा. उताराच्या तळाशी मातीचा लांब बांध घालायचा, पडेल तेवढं पावसाचं पाणी त्याच्यामागे अडवायचं आणि ते मुरलं की त्याच ओलीवर गहू-हरभरा घ्यायचा. अशा मुलखात विहिरीच्या पाण्याशिवाय पीक काढणारी ही माणसं होती. आपल्याकडे वायंगण (पावसाळ्यानंतरचं पीक) करणाऱ्यांना यात फार रस वाटतो, असा अनुभव आहे.

सीमेकडचं तनोट मातेचं मंदिर आणि लोंगेवाला सहलीत धरलेलं नाही, कारण त्यात पूर्ण दिवस गाडीत जातो. पण घरातलं कुणी सैन्यात असेल, तर १९७१ च्या डिसेंबरात लोंगेवालाला जिथे पाकिस्तानशी लढाई झाली ती जागा बघावीशी वाटणं साहजिक आहे. आधी सांगा, एक दिवस त्यासाठी वेगळा ठेवू.

वाळवंटातली रात्र

सम गावच्या वाळूच्या टेकड्या सर्वांना ठाऊक आहेत आणि म्हणूनच तिथे जीपगाड्यांची घरघर आणि रात्री उशिरापर्यंत मोठ्या आवाजातली गाणी असतात. आम्ही खुरीला नेतो, शहरापासून साधारण ४५ किलोमीटर. टेकड्या थोड्या लहान, पण शांत. रात्री जेवणाआधी मांगणियार गायक येतात. पिढ्यान्‌पिढ्या यजमानांच्या घरी जन्माची, लग्नाची गाणी गाणारा हा मुसलमान कलावंतांचा समाज. त्यांचं कमायचा हे वाद्य नीट बघा : गोल पोटाचं, बकऱ्याचं कातडं ताणलेलं, गजानं वाजणारं. ते आंब्याच्या लाकडाचं असतं. लाउडस्पीकर लावायचा नाही, अशी आमची तंबूवाल्यांशी बोली आहे.

उंटावर अर्धा तास पुरे. उंट उठताना आधी मागचे पाय सरळ करतो, त्यामुळे आपण एकदम पुढे झुकतो. बसताना पुढचे गुडघे टेकतो, तेव्हाही तसंच. दोन्ही वेळा मागे रेलून खोगिराची मूठ घट्ट धरा. गुडघे, कंबर किंवा मणक्याचा त्रास असेल तर उंटगाडी सांगा, तिचा दर वेगळा नाही. गरोदर स्त्रियांनी उंटावर बसूच नये. सकाळी वारं सुटण्याआधी वाळूवर चालून या. रात्रभर फिरलेल्या किड्यांच्या पायांची बारीक शिवण वाळूवर उमटलेली असते.

जेवण

मासे मिळणार नाहीत, हे आधीच सांगतो. भात मिळतो, पण तिथली चव बाजरीच्या रोट्याची, तुपाची आणि लसणाच्या चटणीची. केर-सांगरीची भाजी जरूर खा. केर ही रानफळं, सांगरी म्हणजे खेजडी या वाळवंटी झाडाच्या शेंगा. आपण आगोटीला सुकं भरून ठेवतो तसं तिथले लोक या दोन्ही वाळवून वर्षभर ठेवतात. दाल-बाटी दुपारी घ्या, रात्री जड पडते. लाल मांस हे तिथलं मटण तिखट असतं, आपल्या माणसांना झेपतं. निघताना घोटुआ लाडू घ्या, ते जैसलमेरचेच.

बरोबर काय घ्यावं

तिथली हवा कोरडी ठणठणीत. दमट हवेची सवय असलेल्या कातडीला दोन दिवसांत भेगा पडतात. खोबरेल थंडीत बाटलीतच थिजतं, म्हणून तिळाचं तेल किंवा क्रीम घ्या, ओठांनाही लावा. तहान लागत नाही तरी पाणी पीत राहा. स्वेटर, कानटोपी, बंद बूट हवेतच. रोजच्या गोळ्या दोन दिवस जास्तीच्या घ्या. खुरीहून मोठं रुग्णालय लांब आहे, त्यामुळे रक्तदाब, साखर किंवा दम्याचा त्रास असेल तर बुकिंगच्या वेळीच सांगा.

पैशाचं

दरात रेल्वेचं तिकीट, जोधपूरपासूनची गाडी, पाचही रात्रींचा मुक्काम, नाश्ता, खुरीचं जेवण आणि पहिल्या सकाळचा वाटाड्या धरलेला आहे. शहरातली जेवणं धरलेली नाहीत, कारण कुठे आणि काय खायचं ते तुम्ही ठरवावं. तिकीट दर आणि हॉटेलचे दर महिन्यागणिक बदलतात, म्हणून छापील आकडा न देता तुमच्या तारखांचा हिशेब लेखी देतो. आमचा चालक तुम्हाला कुठल्याही दुकानात आपणहून नेणार नाही. नेलं, तर आम्हाला लगेच फोन करा.

रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं, आणि दिवाळीनंतरच्या गाड्या लवकर भरतात. त्यामुळे गणपती विसर्जन झाल्यावर लगेच तारखा कळवलेल्या बऱ्या. येताना दोघांचीही आधार कार्डं आणा. हॉटेलात दोघांची स्वतंत्र नोंद लागते आणि सीमेकडच्या रस्त्यावर तपासणी होऊ शकते. नावं कार्डावर आहेत तशीच तिकिटावर घालू. लग्नानंतर नाव बदललेलं असेल आणि कार्ड जुन्या नावाचं असेल, तर तेही सांगून ठेवा.