बंधुसंस्थांच्या जीवनविमा प्रमाणपत्रांचे मूल्यांकन (अमेरिका)

अमेरिकेतील बंधुसंस्था सभासदांना जीवनविम्याची जी प्रमाणपत्रे देतात, त्यांपोटी निदान किती राखीव निधी बाळगायचा हे ठरवणारे कायदेशीर मोजमाप. मृत्युमानाचा, म्हणजे कोणत्या वयात किती माणसे दगावतात हे दाखवणारा, कोणता तक्ता धरायचा, व्याजदर किती धरायचा आणि हिशेबाची पद्धत कोणती, या तीन गोष्टींवर ते उभे असते. तिथे विम्याचे नियमन राज्यांकडे असल्यामुळे कायदा राज्याराज्याचा वेगळा आहे, पण बराचसा मजकूर एकाच नमुना संहितेतून उतरलेला दिसतो.

बंधुसंस्थेला भागधारक नसतात. धर्म, मूळ देश किंवा व्यवसाय अशा एखाद्या नात्याने जमलेले सभासद, त्यांच्या स्थानिक शाखा म्हणजे लॉज, आणि निवडून दिलेले सर्वोच्च मंडळ असा तिचा संसार. नाइट्स ऑफ कोलंबस (१८८२) आणि मॉडर्न वुडमेन ऑफ अमेरिका (१८८३) या त्यांतल्या मोठ्या व आजही चालू असलेल्या संस्था. सभासदाच्या हाती पडतो त्या कागदाला पॉलिसी न म्हणता प्रमाणपत्र म्हणतात. हा फरक नुसता नावाचा नाही, हे पुढे दिसेल.

या प्रकारच्या विम्याची सुरुवात पेनसिल्व्हेनियातील मीडव्हिल गावी १८६८ मध्ये झाली, असे मानतात. रेल्वेच्या कारखान्यात काम करणाऱ्या जॉन जॉर्डन अपचर्च यांनी तिथे ‘एन्शंट ऑर्डर ऑफ युनायटेड वर्कमेन’ ही संस्था काढली. कोणी सभासद वारला की प्रत्येकाने एक डॉलर द्यायचा आणि जमलेली रक्कम त्याच्या घरच्यांना पोचवायची, इतका साधा हिशेब. वयाची अट नावापुरती आणि साठा जवळजवळ नाहीच. सगळे तरुण होते तोवर वर्षात मोजकेच मृत्यू व्हायचे आणि हा विमा फार स्वस्त वाटायचा. सभासदांचे केस पिकू लागले तशी वर्गणीची बोलावणी वाढली. मग तरुण बाहेर पडून नव्या, स्वस्त लॉजमध्ये जाऊ लागले. मागे म्हातारे उरले आणि त्यांच्यावरचा बोजा आणखी वाढला. बंधुभाव कितीही खरा असला तरी वय वाढायचे थांबत नाही. भारताच्या १९३८ च्या विमा कायद्यातील कलम ५२ ने ‘वाटणीच्या तत्त्वावरचा’ विमा, म्हणजे दाव्यांच्या संख्येवर हप्ता किंवा लाभ ठरणारा विमा, बंद केला तो याच जातीच्या व्यवहारावर बोट ठेवून.

शहाणपण काही प्रमाणात आतूनच आले. १८८६ मध्ये स्थापन झालेल्या नॅशनल फ्रॅटर्नल काँग्रेस या महासंघाने १८९९ मध्ये स्वतःचा मृत्युमान तक्ता स्वीकारला. राज्यांच्या विमा आयुक्तांनी १९१० मध्ये अलाबामातील मोबाईल शहरी एक कडक मसुदा पुढे आणला आणि १९१२ मध्ये त्याला तडजोडीचे रूप दिले. हाच ‘न्यूयॉर्क कॉन्फरन्स बिल’ या नावाने राज्याराज्यांत गेला. त्यातला किमान निकष असा : वरच्या महासंघाचा तक्ता आणि जास्तीत जास्त ४ टक्के व्याज. स्वतःचा तक्ता वापरायचा असेल तर तो निदान २० वर्षांच्या आणि एक लाख जीवांच्या अनुभवावर बेतलेला हवा. तूट असलेल्या संस्थांना लगेच टाळे लावले नाही. १९१७ अखेरच्या मूल्यांकनात तुटीचे जे प्रमाण दिसेल, ते पुढच्या दर तीन वर्षांच्या मूल्यांकनात वाढू द्यायचे नाही, एवढेच बंधन घातले. हे सौम्य वाटते, पण मूल्यांकनाचा निष्कर्ष सभासदांना कळवणे सक्तीचे होते आणि खरी धार त्यात होती.

व्याजदराला एवढे महत्त्व का, हे एका आकड्यावरून कळते. वीस वर्षांनी १,००० डॉलर द्यायचे असतील तर ४ टक्क्यांनी आज सुमारे ४५६ डॉलर हाताशी हवेत, ३ टक्क्यांनी सुमारे ५५४. म्हणून दर चढा धरला की संस्था कागदावर श्रीमंत दिसते. राखीव निधी म्हणजे पुढे द्यायच्या लाभांचे आजचे मूल्य वजा पुढे येणाऱ्या निव्वळ हप्त्यांचे आजचे मूल्य. तक्त्यात मृत्यू जास्त धरले तर जीवनविम्यासाठी निधी सहसा सुरक्षित बाजूला झुकतो. वर्षासनाचे, म्हणजे हयातभर ठरावीक रक्कम देण्याच्या कराराचे, मात्र उलटे होते, कारण तिथे माणूस जास्त जगला की खर्च वाढतो. त्यामुळे वर्षासने, अपंगत्व व अपघाती मृत्यूचे लाभ यांना वेगळे तक्ते लागतात.

पुढच्या नमुना संहितेने जीवनविमा प्रमाणपत्रांसाठी आयुक्तांचे १९४१, १९५८ व १९८० चे तक्ते किंवा विमा कंपन्यांना लागू होणारा त्यानंतरचा कोणताही तक्ता मान्य केला. पद्धत आणि व्याजाचे गृहीतही कंपन्यांचेच. म्हणजे बंधुसंस्थांचे वेगळे माप जवळजवळ संपले. जुन्या प्रमाणपत्रांना ती दिली तेव्हाचा निकष चालू राहतो. एकूण निधी किमान मापापेक्षा कमी पडत नसेल तर आयुक्त दुसरे माप मान्य करू शकतात, आणि संस्थेच्या मूळ राज्यातील आयुक्तांच्या संमतीने जास्त निधीही ठेवता येतो. २०१७ पासून लागू झालेली मूल्यांकन पुस्तिका ठरीव सूत्राच्या जोडीला संस्थेचा स्वतःचा अनुभव आणि जोखीम तपासायला लावते. २०२० पासून नव्या जीवनविमा करारांना ती सर्वसाधारणपणे सक्तीची झाली.

एक वेगळेपण मात्र टिकले. प्रमाणपत्र हा ‘खुला करार’ असतो : संस्थेची घटना आणि पोटनियम, त्यांतल्या नंतरच्या दुरुस्त्यांसह, सभासदाला बांधतात. रॉयल आर्केनम या संस्थेने वाढवलेले दर अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९१५ मध्ये याच धाग्याने टिकवले. राखीव निधीला खिंडार पडले तर सर्वोच्च मंडळ तुटीचा न्याय्य वाटा सभासदांकडे मागू शकते. ज्याने तो भरला नाही, त्याच्या प्रमाणपत्रावर ती रक्कम सव्याज कर्ज म्हणून चढते, नाहीतर त्याला लाभ कमी करून घ्यावा लागतो. कंपनी बुडाल्यावर पॉलिसीधारकाला सावरणाऱ्या राज्यांच्या हमी संघटना बहुतेक ठिकाणी बंधुसंस्थांना लागू नाहीत.