दुधीच्या बियांतली काच

पावसाच्या तोंडावर व्हॉट्सॲपवर एक फॉरवर्ड हमखास फिरतो. चुलीच्या राखेत अग्नितत्त्व असतं, ते बियांत उतरतं आणि म्हणून आपल्या आज्या बी राखेत ठेवत, असा त्याचा आशय. खाली हात जोडलेल्यांची रांग. बी राखेत ठेवणं अगदी योग्य आहे, पण सांगितलेलं कारण धादांत खोटं आहे. खरं कारण त्याच्यापेक्षा कितीतरी सुरस आहे, म्हणून हा लेख.

नवी मुंबई वसवणाऱ्या सिडको या सरकारी महामंडळाची स्थापना १९७० सालची. या शहरासाठी ठाणे, पनवेल, उरण पट्ट्यातल्या ९५ गावांच्या जमिनी गेल्या. शेतं गेली, पण घणसोली, कोपरखैरणेसारख्या गावठाणांत परसातले वेल गच्चीवर आणि खिडकीच्या ग्रिलवर चढले. चांगला पोसलेला एखादा दुधी भाजीला न तोडता बियाला राखायचा, ही रीत सासूकडून सुनेकडे येत राहिली. तो वेलावरच पिवळट, मग तपकिरी होतो, साल लाकडासारखी टणक होते आणि हलवला की आत बिया खुळखुळतात. पूर्वी असा दुधी चुलीच्या वर टांगत. वालाचं बी राख मिसळून मडक्यात जाई आणि मडक्याचं तोंड शेणामातीने लिंपून टाकत.

या सगळ्या खटाटोपाचा मुख्य रोख एका शत्रूवर आहे: पाणी.

पेशीतलं पाणी काढून घेतलं की एरवी पेशी मरते. तिची पटलं (पातळ आवरणं) एकमेकांना चिकटतात, प्रथिनांच्या घड्या विस्कटतात. पिकणारं बी मात्र या दुष्काळाची तयारी आधीच करून ठेवतं. ते सुक्रोज आणि रॅफिनोज गटातल्या शर्करा साठवतं. (वाल खाल्ल्यावर पोटात जो वायू होतो, तो याच रॅफिनोजच्या भाऊबंदांचा प्रताप.) पाणी निघून जाताना या शर्करांचे रेणू त्याच्या जागी बसतात आणि पटलांना, प्रथिनांना धरून ठेवतात. बी आणखी वाळलं की पेशीतला द्रव आधी पाकासारखा दाट होतो, मग एका टप्प्यावर चक्क काच बनतो. हा नुसता अलंकार नाही. रेणू स्फटिकासारखे रांगेत न बसता, होते तिथेच अस्ताव्यस्त थिजतात आणि भौतिकशास्त्रात अशा घन अवस्थेलाच काच म्हणतात. या काचेत रेणूंना हलायला जवळजवळ वाव नसतो. बियातल्या तेलाचं खवटणं, प्रथिनांची मोडतोड, डीएनएची झीज हे सगळं कासवगतीने चालतं. बी जिवंत असतं, पण त्याचं घड्याळ फार हळू चालत असतं.

काच वितळायला उष्णताच लागते असं नाही, ओलावाही पुरतो. पाण्याचे रेणू शर्करांच्या मध्ये शिरले की त्यांची पकड ढिली होते. ओलावा जितका जास्त, तितक्या कमी तापमानाला काच मऊ पडते. म्हणून जे बी कोरड्या हवेत ३० अंशांना ठणठणीत राहतं, तेच ओल धरल्यावर त्याच ३० अंशांना म्हातारं होऊ लागतं. जेम्स हॅरिंग्टन या बीजशास्त्रज्ञाने यासाठी एक ठोकताळा दिला: बियातला ओलावा ५ ते १४ टक्क्यांच्या दरम्यान असेल, तर तो दर १ टक्क्याने घटला की बियाचं आयुष्य दुप्पट होतं. १४ वरून ९ टक्क्यांवर आणलं, म्हणजे पाच वेळा दुप्पट, ३२ पट! इस्रायलमधल्या मसादाच्या वाळवंटी किल्ल्यात सापडलेली सुमारे २००० वर्षांपूर्वीची खजुराची बी २००५ साली उगवली, त्यात कोरड्या हवेचा वाटा मोठा.

आपल्याकडे पावसाळ्यात हवेची आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर सहज जाते. मीठ सुमारे ७५ टक्क्यांनाच पाणी धरू लागतं. जुलैत बरणीतल्या मिठाचा गोळा झाला, की ओट्यावरच्या उघड्या पुडीतल्या बियांचं काय होत असेल ते ओळखा.

आता राख. ताजी, चाळलेली, थंड केलेली राख कोरडी असते आणि थोडी ओल शोषते. तिचं खरं काम मात्र बी पोखरणाऱ्या भुंग्याविरुद्ध. ती बियांमधल्या फटी भरून टाकते, त्यामुळे भुंग्याला फिरायला, अंडी घालायला अडचण होते. शिवाय तिचे बारीक कण त्याच्या अंगावरचा मेणाचा थर खरवडतात आणि तो पाणी गमावून मरतो. ज्या कोरडेपणाने बी जगतं, त्यानेच कीड मरते. अग्नितत्त्व यात कुठेही नाही. अमावास्या-पौर्णिमा बघून पेरायच्या समजुतीचंही तेच: चंद्र बघण्यापेक्षा बी वाळलंय का ते बघावं.

ते बघणं सोपं आहे. दुधीची बी बोटांत धरून वाकवा. नुसती वाकली तर आत अजून काच झालेली नाही. कट्‌कन मोडली तर झाली. फणसाच्या आठळीवर किंवा आंब्याच्या कोयीवर मात्र हा प्रयोग करू नका. ती बियाणी वाळवली की मरतात, त्यांना ही काचेची विद्या येत नाही.

एक सावधगिरी. ‘पणजीच्या वेळचं गावठी वाण’ म्हणून ऑनलाइन महागड्या पुड्या मिळतात. वाल बहुतेक स्वतःच्याच परागाने फळतो, त्यामुळे ते वाण बऱ्यापैकी टिकतं. दुधीचं तसं नाही. त्याच्या नर आणि मादी फुलांमध्ये पराग नेणारे कीटक शेजारच्या गच्चीवरूनही येतात, तेव्हा वाण शुद्ध हवं असेल तर मादी फुलाला उमलायच्या आदल्या संध्याकाळी पातळ पिशवी बांधावी आणि फूल उमललं की आपल्याच वेलाच्या नर फुलाने हाताने परागीकरण करून पिशवी पुन्हा बांधावी.

फ्लॅटमध्ये चूल नाही आणि राखही नाही. सावलीत वाळवलेल्या बियांची कागदी पुडी हवाबंद बरणीत ठेवावी. बरणीच्या तळाशी तांदूळ खरपूस भाजून, झाकण लावून गार केलेले घालावेत, ते ओल ओढून घेतात. आठवडाभराने तांदूळ काढून टाकावेत आणि बरणी फ्रिजमध्ये ठेवावी. पेरायच्या दिवशी बरणी बाहेर काढून ती खोलीइतकी कोमट होईपर्यंत झाकण उघडू नये, नाहीतर दमट हवेतलं पाणी गार बियांवर दवासारखं धरतं.