अरुंद पॅसेजमधला रेडिएटर आणि जिन्यावरून वर पळणारी ऊब

लंडन, लेस्टर, मँचेस्टरकडे आपली बरीच मंडळी जुनी टेरेस हाऊस घेतात, म्हणजे एकाला एक चिकटून ओळीत उभी असलेली विटांची घरं. दार उघडलं की समोर जेमतेम 90 सेंटीमीटर रुंदीचा लांबलचक पॅसेज आणि लगेच जिना. त्या पॅसेजमधे हिवाळ्यात असली थंडी असते की नवीन रेडिएटर (बॉयलरचं गरम पाणी आत फिरतं तो भिंतीवरचा पत्र्याचा हीटर) घ्यायची वेळ आली की सगळे म्हणतात, सगळ्यात मोठा, सगळ्यात जाडजूड आणा. माझं मत बरोब्बर उलटं आहे.

आधी गरज किती ते बघू, गणित शाळेतलंच आहे. समजा पॅसेज 5 मीटर लांब, 1 मीटर रुंद, 2.6 मीटर उंच, म्हणजे 13 घनमीटर हवा. बाहेर उणे 2, आत 18 अंश पाहिजेत (पॅसेजला 18 पुरतं, तिथे कोणी बसत नाही), फरक 20 अंशांचा. जुन्या दाराच्या फटीतून, टपाल टाकायच्या झडपेतून तासाला दोनदा सगळी हवा बदलते असं धरा. एक घनमीटर हवा एक अंशाने तापवायला साधारण 0.33 वॉट-तास लागतात, म्हणजे 13 गुणिले 2 गुणिले 20 गुणिले 0.33, झाले 170 वॉट. दाराच्या फळीतून अजून 120 वगैरे. भिंतीचा पुढचा तुकडा, जमीन धरून साडेतीनशेच्या आसपास. बाजूची लांब भिंत शेजाऱ्यांची, पलीकडे त्यांचं गरम घर, तिथून फारसं काही जात नाही. आता हा पॅसेज जिन्यामुळे वरच्या लँडिंगला, म्हणजे जिना संपतो तिथल्या मोकळ्या जागेला, जोडलेला आहे, ते पण धरायचं तर दुप्पट, 700 वॉट धरून चाला. आणि यातला केवढा मोठा वाटा नुसत्या फटींचा आहे बघा! दाराला ब्रश पट्टी लावणं हे रेडिएटरपेक्षा स्वस्त आणि तितकंच कामाचं.

आता जाडीचं. दुकानात टाइप 11, 21, 22, 33 असे आकडे दिसतात. पहिला आकडा पाण्याच्या पॅनलचा, दुसरा मागच्या नागमोडी पत्र्याच्या थरांचा, ज्याला फिन म्हणतात. 11 म्हणजे एक पॅनल एक थर, 22 म्हणजे दोन आणि दोन. 60 सेंटीमीटर उंच, 1 मीटर लांब असा टाइप 11 साधारण हजार वॉट देतो, तेवढ्याच मापाचा 22 सतराशेच्या आसपास. मस्त वाटतं, पण हे जास्तीचे सातशे येतात कुठून? समोरचा पत्रा तर तेवढाच आहे, आणि 70 अंशाचा तेवढा पत्रा 20 अंशांच्या खोलीत समोर जेमतेम 200 वॉट किरणांनी फेकतो, मागे कितीही पॅनल लावा. आतली पॅनलं एकमेकांनाच तापवत बसतात. म्हणजे वाढलेली जवळपास सगळी उष्णता फिनमधल्या पोकळीतून तापून वर जाणाऱ्या हवेची, अगदी धुराड्यासारखी. बंद खोलीत हे चालतं, हवा फिरून खाली येते. पॅसेजमधे मात्र ती गरम हवा छताला लागते आणि जिन्यावरून थेट वर, बेडरूमच्या दाराशी. तुम्ही खाली बूट घालताना पाय गारच.

म्हणून पॅसेजला टाइप 11 घ्या आणि लांब घ्या. लांबी इथे फुकट आहे, जाडी महाग. भिंतीपासून पुढच्या पत्र्यापर्यंत 22 ला सुमारे 13-14 सेंटीमीटर जातात, 11 ला त्याहून चार-पाच कमी, आणि बाबागाडी नाहीतर सायकल नेताना तेच चार-पाच नडतात. इंग्लंडच्या नियमात नव्या घरांसाठी असं आहे की रेडिएटरसारखा अडथळा आला तरी पॅसेज 750 मिलीमीटरच्या खाली जाता कामा नये, अडथळा 2 मीटरपेक्षा लांब नको आणि दारासमोर नको. जुन्या घरालाही हेच माप लावा ना.

कॅटलॉगमधला वॉटचा आकडा मात्र डोळे झाकून घेऊ नका. तो पाणी 75 अंशाने आत, 65 ने बाहेर आणि खोली 20 अंश असं धरून मोजलेला असतो, म्हणजे पाणी सरासरी 70 आणि फरक 50. आजकाल हीट पंप (बाहेरच्या हवेतली किंवा जमिनीतली उष्णता आत आणणारं यंत्र) असला किंवा कंडेन्सिंग बॉयलर (धुरातली उष्णताही परत वापरणारा) नीट चालवायचा असला तर आत येणारं पाणी 55 च्या आसपास ठेवतात, म्हणजे सरासरी 50, मग आपल्या 18 अंशांच्या पॅसेजशी फरक 32 वर येतो, आणि उष्णता फरकाच्या साधारण 1.3 व्या घाताने कमी होते, त्यामुळे हातात 56 टक्केच उरतात. आपल्या 700 साठी कॅटलॉगमधे साडेबाराशे बघायचे. टाइप 11 मधे ते सव्वा ते दीड मीटर लांबीत बसतं, म्हणजे जाडजूड लागतच नाही.

भिंतीत दारंच दारं असतील आणि लांबी मिळतच नसेल तर उभा रेडिएटर, ठीक आहे, पण तो गरम हवा डोक्याच्या वर सोडतो आणि पाण्यासकट जड असतो, पोकळ पार्टिशनवर टांगायच्या आधी विचारा. रंग कुठलाही चालेल, उष्णतेच्या किरणांना पांढरा आणि काळा ऑइलपेंट जवळपास सारखाच. चकचकीत क्रोम तेवढा टाळा, तो किरणं फारच कमी सोडतो आणि तुम्ही टाइप 11 घेतलाय तो किरणांसाठीच.

राहता राहिला थर्मोस्टॅट, म्हणजे हवं तेवढं तापमान आलं की बॉयलर बंद करणारी भिंतीवरची डबी. कित्येक ब्रिटिश घरांत घराचा मुख्य थर्मोस्टॅट याच पॅसेजमधे असतो, आणि प्लंबर हौसेने रेडिएटरलाही हवा तापली की आपोआप बंद होणारा व्हॉल्व्ह लावतो. मग व्हॉल्व्ह 17 अंशांना पाणी बंद करतो, थर्मोस्टॅट 19 ची वाट बघतो, ते काही येत नाहीत आणि बॉयलर चालूच, बाकीच्या खोल्या तापत राहतात. पॅसेजच्या रेडिएटरला साधा हाताचा व्हॉल्व्हच ठेवा, आणि थर्मोस्टॅट त्याच्या डोक्यावर किंवा दाराच्या झोतात असेल तर तो तिथून हलवायला सांगा.