कार्ड खिशात, नाव यादीत नाही: कोकणातल्या स्थानिक निवडणुकांसाठी मतदार नोंदणी

मतदानाच्या दिवशी आमच्या शाळेच्या पडवीत एक प्रसंग हमखास घडतो. कोणीतरी चाकरमानी रात्रभर गाडीत बसून सकाळी केंद्रावर येतो, खिशातून प्लॅस्टिकचं ओळखपत्र काढून टेबलावर ठेवतो आणि टेबलावरचा माणूस दोनदा यादी चाळून मान हलवतो. "अहो, कार्ड आहे ना माझ्याकडे!" कार्ड असतं, पण त्यावरून फक्त माणूस तोच आहे एवढं कळतं. मत देता येतं ते यादीत नाव असेल तरच. आणि ती यादी मतदानाच्या कितीतरी महिने आधी बंद झालेली असते.

मी प्राथमिक शिक्षक. बरीच वर्षं बीएलओचं, म्हणजे मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्याचं काम केलं. पाखाड्या, म्हणजे दगडी पायऱ्यांच्या वाटा, चढून वाडीवाडीत फिरलो. त्या अनुभवावर हे लिहितो आहे.

यादी नेमकी कोणाची?

ग्रामपंचायत, पंचायत समिती, जिल्हा परिषद, नगरपंचायत, नगरपरिषद या निवडणुका राज्य निवडणूक आयोग घेतो. लोकसभा-विधानसभा घेणारा भारत निवडणूक आयोग वेगळा. पण राज्य आयोग स्वतःची मतदार नोंदणी करत नाही. तो एक तारीख ठरवतो, त्या दिवशी विधानसभेच्या यादीत जी नावं असतील ती घेतो आणि गावाच्या प्रभागांत किंवा जिल्हा परिषदेच्या गटांत आणि पंचायत समितीच्या गणांत (म्हणजे त्यांच्या मतदारसंघांत) वाटून टाकतो. त्यामुळे 'ग्रामपंचायतीच्या यादीत नाव घाला' म्हणून ग्रामसेवकाकडे जाऊन उपयोग नाही. नाव विधानसभेच्या यादीतच घालावं लागतं.

2025 चं उदाहरण घ्या. रत्नागिरी, चिपळूण, मालवण, वेंगुर्ला, अलिबाग अशा नगरपरिषदांसाठी 2 डिसेंबर 2025 हा मतदानाचा दिवस ठरला होता, पण यादी घेतली होती 1 जुलै 2025 ची. ज्याला ऑगस्टमध्ये अठरा पूर्ण झाली, तो डिसेंबरात कायद्याने सज्ञान होता, तरी त्याला मत नव्हतं. मला हे पटत नाही, पण नियम असा आहे आणि तो धरूनच चालावं लागतं. निवडणूक जाहीर झाल्यावर धावपळ करणाऱ्याला बहुतेक वेळा उशीर झालेला असतो.

पात्रता

भारताचा नागरिक, वय 18 पूर्ण आणि त्या ठिकाणी सामान्यतः राहणारा, एवढंच. वय मोजायला वर्षात चार तारखा आहेत: 1 जानेवारी, 1 एप्रिल, 1 जुलै, 1 ऑक्टोबर. यांतल्या ज्या तारखेपर्यंत अठरा पूर्ण होतात ती तुमची तारीख. सतरा पूर्ण झालेल्या मुलांना आगाऊ अर्ज करता येतो. बारावीतल्या मुलांच्या पालकांनो, कॉलेजच्या प्रवेशाची कागदपत्रं गोळा करताय तेव्हाच हाही अर्ज भरून टाका. कागद तेच लागतात.

'सामान्यतः राहणारा' या दोन शब्दांवर मात्र कोकणात निम्मी भांडणं होतात. 1950 च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यात सरळ म्हटलं आहे की एखाद्या ठिकाणी घर आपल्या मालकीचं आहे, एवढ्यावरून माणूस तिथला रहिवासी ठरत नाही. याच कायद्यात दुसरी बाजूही आहे: तात्पुरता बाहेर गेला म्हणून राहणं तुटत नाही. म्हणजे ट्रॉलरवर दिवसचे दिवस समुद्रात असणारा खलाशी गावचाच. शिकायला मुंबई-पुण्यात वसतिगृहात राहणारी मुलगी आईवडिलांच्या पत्त्यावर नाव ठेवू शकते. पण अकरा महिने विरार-डोंबिवलीत राहून गणपतीला आणि शिमग्याला येणारा माणूस कायद्याच्या नजरेत विरार-डोंबिवलीचा. हे वाचून माझ्या वाडीतले अर्धे मुंबईकर रागावतील. रागावोत.

दोन्हीकडे नाव असेल तर

ही आपली जुनी सवय. गावच्या यादीत वडिलांनी नाव घातलेलं, मुंबईत चाळीत कोणी कार्यकर्त्याने पुन्हा घातलेलं. एका माणसाचं नाव दोन मतदारसंघांत, किंवा एकाच मतदारसंघात दोनदा, असता कामा नये. आणि अर्जात जाणूनबुजून खोटी माहिती दिली तर एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. 2025 च्या निवडणुकांत आयोगाने संभाव्य दुबार नावांपुढे दोन ताऱ्यांची खूण (**) केली आणि अशा मतदारांना कुठल्या केंद्रावर मत देणार ते विचारून घेतलं. बरंच झालं.

सुटका सोपी आहे. एक जागा निवडा. दुसरीकडचं नाव काढायला अर्ज क्रमांक 7 भरा. स्वतःहून काढलं तर कोणी गुन्हेगारासारखं वागवत नाही, हे मी अनुभवाने सांगतो. गावात घरात कोणी वारलं असेल तर त्यांचं नाव काढायलाही हाच अर्ज, सोबत मृत्यूचा दाखला. आमच्या यादीत एका आजोबांचं नाव ते गेल्यावर नऊ वर्षं होतं, कारण घरच्यांना वाटत होतं की नाव काढणं अशुभ.

कुठल्या कामाला कुठला अर्ज

पहिल्यांदाच नाव घालायचं असेल तर अर्ज क्रमांक 6. नाव आधीपासून कुठेतरी आहे आणि पत्ता बदललाय, नावात चूक आहे, फोटो दुसऱ्याचाच लागलाय, कार्ड हरवलंय किंवा दिव्यांग म्हणून नोंद करायची आहे, तर अर्ज क्रमांक 8. मुंबईचं नाव गावी आणायचं असलं तरी 8 च. इथे लोक चुकतात: 'गावात नवीनच आहे ना' म्हणून पुन्हा 6 भरतात, आणि तिथूनच दुबार नाव जन्माला येतं.

लग्न होऊन आलेल्या सुनांचं थोडं सविस्तर सांगतो, कारण सर्वात जास्त नावं इथेच गळतात. माहेरच्या यादीत तिचं नाव माहेरच्या आडनावाने असतं. सासरी आल्यावर आधार बदललेलं असतं किंवा नसतं. तिचं माहेरचं कार्ड शोधून त्यावरचा क्रमांक घ्यायचा आणि अर्ज 8 मध्ये स्थलांतर मागायचं. सोबत विवाह नोंदणीचा दाखला असला की नावातला फरक समजावत बसावं लागत नाही. कार्ड सापडत नसेल तर भारत निवडणूक आयोगाच्या मतदार सेवा पोर्टलवर नाव आणि वय टाकून क्रमांक शोधता येतो. फक्त 'सावंत' की 'सावन्त' अशी स्पेलिंगची गंमत तिथे चालते. दोन-तीन प्रकारे टाकून पाहा.

कागदपत्रं

वयासाठी जन्मदाखला, आधार, पॅन, वाहन परवाना, पासपोर्ट किंवा जन्मतारीख असलेलं दहावी-बारावीचं प्रमाणपत्र, यांतलं एक. पत्त्यासाठी आधार, बँकेचं किंवा पोस्टाचं चालू पासबुक, पासपोर्ट, नोंदणीकृत भाडेकरार, घराचं नोंदणीकृत खरेदीखत, महसूल खात्याकडची जमिनीची नोंद, नाहीतर किमान वर्षभराचं वीज, पाणी किंवा गॅसचं बिल. सोबत अलीकडचा रंगीत फोटो, पांढऱ्या पार्श्वभूमीचा. लग्नातला कापून लावलेला चालत नाही. मी लावून घेतले आहेत आणि ते परत आले आहेत.

आता कोकणातली खरी अडचण. घर आजोबांच्या नावावर, विजेचं बिल चुलत्याच्या नावावर आणि सातबाऱ्यावर भावकीतली वीसेक नावं. घाबरू नका. बिल स्वतःच्या नावावर नसलं तरी आईवडील किंवा नवरा-बायको यांच्या नावावरचं चालतं. त्याच घरातल्या ज्या माणसाचं नाव यादीत आधीच आहे त्याचा कार्ड क्रमांक अर्जात लिहा, म्हणजे तुमचं नावही त्याच भागात, त्याच वाडीत बसतं. हे केलं नाही तर देऊळवाडीचा माणूस खालच्या वाडीच्या प्रभागात जाऊन पडतो आणि पुढचा सगळा घोळ तिथून सुरू होतो. वर सांगितलेल्यांपैकी एकही कागद नसेल तर दुसरा कुठलाही पुरावा देता येतो. मग बीएलओ घरी येऊन खात्री करतो.

अर्ज भरल्यावर

पोर्टलवर किंवा भारत निवडणूक आयोगाच्या ॲपवर मोबाईल क्रमांक टाकून, ओटीपी घेऊन अर्ज भरता येतो. नेट चालत नसेल, आणि आमच्याकडे पावसाळ्यात ते चालतच नाही, तर कागदी अर्ज बीएलओकडे किंवा तहसील कार्यालयाच्या निवडणूक शाखेत द्या. पोच घ्या. ऑनलाइन भरला तर संदर्भ क्रमांकाचा स्क्रीनशॉट ठेवा. बीएलओ चौकशीला येतो, हरकतीसाठी काही दिवस जातात, मग मतदार नोंदणी अधिकारी निर्णय देतो. बहुतेक ठिकाणी हे प्रांताधिकारी असतात. अर्ज नाकारला तर पंधरा दिवसांत जिल्हाधिकाऱ्यांकडे अपील करता येतं. चौकशीसाठी टोल फ्री क्रमांक 1950.

घराला कुलूप असेल तर बीएलओ काय करणार? शेजारच्या काकूंना विचारून येतो. काकू म्हणाल्या 'ते मुंबैला असतात', की अर्ज अडकला. तेव्हा अर्जात मोबाईल नंबर चालू असलेलाच द्या आणि फोन उचला.

निवडणूक जवळ आली की प्रभागांच्या प्रारूप याद्या लागतात. ग्रामपंचायतीची असेल तर ग्रामपंचायतीच्या फलकावर आणि तहसीलमध्ये. हरकतीची मुदत थोडकी असते. या टप्प्यावर नवीन नाव घालता येत नाही. विधानसभेच्या यादीत नाव आहे पण प्रभागाच्या यादीतून सुटलं, चुकीच्या प्रभागात गेलं किंवा लिहिताना चूक झाली, एवढंच दुरुस्त होतं. म्हणून प्रारूप यादी लागली की स्वतः जाऊन बघा. व्हॉट्सॲपवर कोणी फोटो टाकेल म्हणून थांबू नका.

आणि मतदानाला या

एका छोट्या ग्रामपंचायतीचा प्रभाग म्हणजे दोन-तीन वाड्या. तिथे पाच-सात मतांनी जागा जाते आणि समसमान मतं पडली तर चिठ्ठी टाकून निकाल लागतो. पाखाडी दुरुस्त होणार की नाही, नळाला पाणी कुठल्या वाडीत आधी येणार, हे ज्यांच्या हातात असतं ती माणसं इथून निवडून जातात. लोकसभेला रांग लावणारे आमचेच लोक याला 'गावची निवडणूक' म्हणून नाक मुरडतात, याचं मला नवल वाटतं.

यंत्रावर एकच बटण दाबून बाहेर पडू नका. ग्रामपंचायतीत सरपंचासाठी एक आणि प्रभागात जितक्या जागा तितकी मतं. जिल्हा परिषदेच्या वेळी गटाचं एक, गणाचं एक. नगरपंचायतीत नगराध्यक्षाचं आणि नगरसेवकाचं. नगरपरिषदेत प्रभाग दोन सदस्यांचा असेल तर तीन. कुणीच पसंत नसेल तर 'नोटा'चं बटण आहे. सगळी मतं दिल्यावर यंत्राची लांब शिट्टी वाजते. ती ऐकूनच निघा.

ओळखपत्र नसेल तर आधार, पॅन, पासपोर्ट, वाहन परवाना, फोटो असलेलं पासबुक, रोजगार हमीचं जॉबकार्ड यांतलं काहीही एक न्या. 2 डिसेंबर 2025 ला मतदानाची वेळ सकाळी साडेसात ते संध्याकाळी साडेपाच होती. मुंबईहून येणाऱ्यांनी गाडी उशिरा धावेल हे धरूनच निघावं. वेळ संपताना जे रांगेत उभे असतात त्या सगळ्यांना चिठ्ठ्या मिळतात आणि मत देता येतं. त्या वाटायला सुरुवात रांगेतल्या शेवटच्या माणसापासून होते, म्हणजे मागून कोणी घुसत नाही.